आणि इतर सर्व साधने

निला येणार म्हटलं की पासिगच्या त्या घरात केर निघायच्या आधी बड्या कंपन्यांच्या नावाने घेतलेल्या खोट्या वस्तू लपायच्या.

त्या रविवारीही तेच झालं. तिच्या थोरल्या भावाने, दोमेंगने, पायांतल्या चपला काढून फ्रिजमागे सरकवल्या. त्याच्या बायकोने, फेलीने, खांद्याला लावायची पर्स कपाटात चादरींच्या घडीखाली ढकलली आणि वर एक उशी ठेवली. सत्तावीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि सत्तावीस वर्षं निलाला ते ठाऊक होतं. दारात उभं राहिल्याबरोबर तिची नजर आपोआप फ्रिजकडे जायची. ती काही बोलायची नाही. घरच्यांना वाटायचं, आपण हुशार. तिला वाटायचं, बिचारे.

लपवत नव्हती ती एकटी त्यांची आई. ब्याऐंशी वर्षांची इलुमिनादा बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसली होती आणि तिच्या मांडीवर सोनेरी कडीची भलीमोठी पर्स होती. ज्या परदेशी कंपनीचं नाव त्या पर्सवर होतं, त्या कंपनीने ती उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

"ये, अटर्नी," म्हातारी म्हणाली. "कर पंचनामा. तीनशे पेसोंना घेतलीय, अकरा वर्षं झाली, बंद तुटला नाही."

"नानाय, आज सुट्टी आहे माझी." पाया पडावं तसा निलाने आईचा हात आपल्या कपाळाला लावला. "आज मी फक्त मुलीची आत्या."

आज दोमेंगच्या मुलीला, मायुमीला, मागणी घालायला मुलाकडचे येणार होते. मुलगा अर्नेल निलाला आवडला होता. पुलांचा इंजिनियर, कमी बोलणारा, जेवताना दुसऱ्याच्या ताटात काही कमी नाही ना हे बघणारा. त्याचे आईवडील मात्र या घरात पहिल्यांदाच यायचे होते.

निला स्वयंपाकघरात गेली. फेली लुंपिया तळत होती. निलाने एक उचलला तोच मायुमीने तिचा दंड धरला आणि तिला ओट्याच्या कोपऱ्यात ओढलं.

"तीता, तू रागावणार नाहीस ना?"

"हे वाक्य मी आजवर आरोपींच्याच तोंडून ऐकलंय. बोल."

"अर्नेलच्या बाबांचा बुटांचा कारखाना आहे ना, मारिकिनात..."

"ठाऊक आहे. चांगला चाललाय म्हणतात."

"आता चांगला चाललाय. तेरा वर्षांपूर्वी तो..." मायुमीने आईकडे चोरून पाहिलं. "तो दुसऱ्याच्या नावाने चालायचा."

लुंपिया निलाच्या ओठांपाशी थांबला. "मी धाड घातली होती?"

मायुमीने नुसती मान हलवली. "अर्नेलने दोन वर्षांपूर्वी सांगितलं मला. म्हणाला, अटर्नी मेर्कुरियो नावाची एक बाई आली आणि सगळं उचलून घेऊन गेली. मी तिथेच गार पडले. त्यालाही सांगितलं, ती माझी आत्या म्हणून. पण त्याच्या आईबाबांना नाही सांगितलं. त्यांना वाटतंय, मायुमीची आत्या म्हणजे कोणी निला कातिंदिग. तुझं लग्नानंतरचं आडनाव आम्ही कधी बोललोच नाही त्यांच्यापुढे."

"दोन वर्षं?"

"आधी वाटलं, पुढे बघू. मग पुढचं आजच आलं."

निलाने डोक्यात शोधून पाहिलं. अर्नेलचं आडनाव साग्मित. मारिकिना. नाव काही लागेना. कंपन्यांची वकील म्हणून तिने आयुष्यात खोट्या मालावर सव्वातीनशे धाडी घातल्या होत्या. पहिली शिरक्याची. नामांकित कारखान्याच्या रिकाम्या बाटल्यांत कुणीतरी पाणी आणि तेजाब भरत होतं. मग खडूची टूथपेस्ट, मग बॅटऱ्या, अत्तरं, औषधी बाम, शाळेच्या वह्या. लोक तिच्या तोंडावर म्हणायचे, बड्या कंपन्यांची चाकरी करते, गरिबाच्या पोटावर पाय देते. पहिली काही वर्षं तिला ते लागायचंही. मग एका पावसाळ्यात आंतिपोलोच्या उतारावर एक जीपनी घसरली. तिच्या ब्रेकला लावलेले तुकडे कुणीतरी नावाजलेल्या कंपनीच्या खोक्यात घालून विकले होते. आत नुसता दाबलेला भुसा होता. सात माणसं गेली. कोर्टात ते तुकडे हातात घेऊन निला उभी राहिली, आणि त्या दिवसापासून तिने कुणाच्या टोमण्याला उत्तर दिलं नाही.

एवढ्या सगळ्यांत बुटांच्या किती धाडी, तिला मोजता येईना.

फेलीने झारा खाली ठेवला. तिने सगळं ऐकलं होतं.

"निला, तुझं डोकं दुखतंय," ती म्हणाली.

"माझं?"

"दुखतंय. फार दुखतंय. तू घरी जा आणि पडून राहा."

"आई!" मायुमी ओरडली.

"मग काय करू? हॉलभर खुर्च्या मांडल्यात, डुक्कर भाजून तयार आहे, आणि तो माणूस हिला बघून उलट्या पावली गेला तर? पोरीचं लग्न मोडलेलं बघायला मी तिला वाढवली नाही."

दोमेंग अनवाणीच आत आला. त्याने बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. "फेली म्हणते त्यातही तथ्य आहे..." तो पुटपुटला. "म्हणजे आजच्यापुरतं. पुढे सवडीने सांगू."

"माझी मुलगी माझ्या घरातून तोंड लपवून जाणार नाही!" बाहेरून म्हातारीचा आवाज आला. तिला एरवी ऐकू कमी यायचं. "तिने काय चोरी केली? चोर पकडले तिने!"

"नानाय, त्यातलाच एक आता व्याही होणार आहे. जरा हळू," दोमेंग म्हणाला.

निलाने मायुमीकडे पाहिलं. पोरीने सकाळी लावलेलं काजळ आता गालापर्यंत आलं होतं. निलाला स्वतःचं मूल नव्हतं. या पोरीची पहिली शाळेची वही तिने घेतली होती, अर्थातच अस्सल कंपनीची, आणि कॉलेजची फीही तिनेच भरली होती.

"राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या दाराने मी लोकांच्या घरात खूप घुसले. आज एकदा मागच्या दाराने जाते."

तिने पर्स उचलली, आईच्या हाकेकडे लक्ष न देता मागचं फाटक उघडलं आणि बोळात पाऊल टाकलं.

समोर एक माणूस उभा होता. साठीचा, बुटका, इस्त्रीचा पांढरा बारोंग घातलेला, आणि दोन्ही हातांत हे एवढं मोठं पातेलं. धाप लागलेली.

"बरं झालं, बाई," तो म्हणाला. "जरा दुसरा कान धरा. पुढच्या पायऱ्या फार उभ्या आहेत, म्हणून मी वळसा घालून आलो. आणि आता हातच गळले माझे."

निलाला नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. पातेलं कलंडायला लागलं होतं. तिने फडक्यासकट कान धरला.

"कारे-कारे आहे," तो म्हणाला. "पहाटे तीनपासून शिजतंय. शेंगदाणे आम्ही घरीच वाटले. सावकाश, वाफ लागेल, तोंड बाजूला करा. तुम्ही इथल्याच का?"

"हो. म्हणजे घरच्याच."

"मग एक सांगा. मुलीची आत्या फार कडक आहे म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"मुलगाच म्हणाला. बाबा, तिच्यापुढे जपून बोला, असं दहा वेळा सांगितलं. एवढं काय आहे त्या बाईत?"

"ऐकलंय मीसुद्धा तसं," निला म्हणाली.

दोघं पातेलं घेऊन स्वयंपाकघरात शिरली तेव्हा फेलीच्या हातातली बशी तिच्या हातातच राहिली. मायुमीने तोंडावर हात दाबला. पातेलं ओट्यावर टेकलं. थोडा रस्सा फरशीवर सांडला होता. तो माणूस, देल्फिन साग्मित, लगेच फडकं घेऊन खाली वाकला.

आणि वाकलेलाच राहिला.

"डाव्या टाचेची बाहेरची कड झिजते तुमची," तो सावकाश म्हणाला. "आणि उजव्या पायाची करंगळी बुटाला आतून ढकलते. तेव्हाही ढकलत होती."

कढईतलं तेल तेवढं चुरचुरत होतं.

"चार तास मला भिंतीशी जमिनीवर बसवलं होतं," तो म्हणाला. "तुमची यादी संपेपर्यंत. तिथून मला पायच दिसत होते. चेहरा मी विसरलो असतो, अटर्नी मेर्कुरियो. पाय नाही विसरत मी कुणाचे."

तो उठला. त्याने फडकं ओट्यावर घडी घालून ठेवलं आणि बाहेर हाक मारली, "पुरिंग! चल घरी."

हॉलमध्ये त्याची बायको नुकती बसून सरबताचा पहिला घोट घेत होती. गोल चेहऱ्याची, ठसठशीत बाई. "घरी? आत्ता तर आलोय!" अर्नेल धावत आत आला. दारात बापाचा चेहरा आणि आत्याचा चेहरा एकदम दिसल्यावर तो जागच्या जागी थांबला.

"तुला माहीत होतं," देल्फिन मुलाला म्हणाला.

"हो, बाबा."

"आणि मला पातेलं घेऊन पाठवलंस."

"मागच्या दाराने तुम्हीच गेलात, बाबा."

देल्फिन हॉलमधून दरवाज्याकडे निघाला. दोमेंग अनवाणी पायांनी त्याच्या मागेमागे, "अहो, बसा तरी, अहो..." तेवढ्यात इलुमिनादाने काठी आडवी घातली.

"जायचं तर जा," ती म्हणाली. "कुणाला बांधून ठेवायची पद्धत नाही आमच्यात. पण कारे-कारे इथे ठेवून जा. वास सगळ्या घरात सुटलाय. माझ्या वयाच्या बाईला एवढी आशा लावून उठून जाणं पाप आहे."

पुरिंग फस्सकन हसली. सरबत तिच्या चांगल्या रेशमी झग्यावर सांडलं. देल्फिनचा पाय उंबऱ्यात अडखळला. हसावं की रागवावं, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना.

"मी जेवायला आलो नाही, लोला," तो शेवटी म्हातारीला म्हणाला. "मी मागणी घालायला आलो. पण त्याआधी या बाईंना एक गोष्ट सांगायचीय. तेरा वर्षं सांगायचीय."

"सांगा," निला म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पर्स अजून खांद्यालाच होती.

देल्फिनने हात मागे बांधले. शाळेत कविता म्हणणारं मूल उभं राहतं तसा तो उभा राहिला.

"माल खोटा होता. दोन हजार एकशे साठ जोड. ते मी तेव्हाही नाकारलं नाही, आता नाकारत नाही. अर्नेलची फी भरायची होती, व्यापारी म्हणाला, हे नाव लाव, तिप्पट देतो. मी लावलं. दंड भरला, मशिनं गेली, बाजारात तोंड काळं झालं. त्याचं मला काही म्हणायचं नाही. पण त्या खोलीच्या मागच्या भिंतीला एक फळी होती. तिच्यावर कलबूत होते, बूट ज्यांच्यावर चढवून शिवतात ते पायाच्या आकाराचे ठोकळे. लाकडी. त्रेचाळीस जोड. माझ्या बापाने कोरलेले. एकेक जोड गावातल्या एकेका माणसाच्या पायांचा. शाळेच्या मास्तरीणबाईंचा, पाद्रीबाबांचा, मला ज्या सुईणीने या जगात आणलं तिचा. खाली पेन्सिलीने नावं लिहिलेली. त्यांच्यावर कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं, अटर्नी. ते खोटे नव्हते. तेही पोत्यात घातले तुमच्या माणसांनी, आणि मुद्देमालाबरोबर भट्टीत गेले."

निलाला आता ती खोली आठवली. एकदम, सगळी. डिंकाचा वास, छताला लटकणारे बल्ब, आणि भिंतीशी बसलेला एक माणूस, जो सारखा "पाय, माझ्या बापाचे पाय" म्हणत होता. तिला वाटलं होतं, याचा बाप आजारी आहे. तिने एका शिपायाला सांगितलं होतं, त्यांना पाणी द्या.

आणि तिला आपला अर्जही आठवला. माल जप्त व्हावा, लेबले जप्त व्हावीत, ठसे, साचे 'आणि इतर सर्व साधने' जप्त करून नष्ट करावीत. ते शब्द तिने दुसऱ्याच कुठल्यातरी अर्जातून उचलले होते. ऐकायला भारदस्त वाटत होते म्हणून. त्यात काय काय येईल, हे बघायला ती त्या मागच्या भिंतीपर्यंत गेली नव्हती.

घरातले सगळे तिच्याकडे बघत होते. निलाशी वाद घालून आजवर या घरात कुणी जिंकलं नव्हतं. दोमेंग तर लहानपणीच हरून मोकळा झाला होता.

"ती ओळ मी लिहिली होती," निला म्हणाली. "शिपायांची चूक नाही, कोर्टाची नाही. मी लिहिली, आणि न बघता लिहिली. तुम्ही पाय म्हणत होतात ते मी ऐकलं आणि समजून घेतलं नाही. धाड चुकीची नव्हती, ती मी उद्या पुन्हा घालेन. पण कलबुतांची माफी मागते, कुया देल्फिन. ते परत देता येत नाहीत मला."

थोरल्या भावाला म्हणतात तसं 'कुया' ऐकून देल्फिनचे मागे बांधलेले हात सुटले.

"घ्या!" पुरिंग म्हणाली. "तेरा वर्षं हा माणूस आंघोळ करताना हे भाषण म्हणतोय. त्यात ती बाई आधी नाकारते, मग हा टेबलावर मूठ आपटतो, मग ती रडते, मग हा म्हणतो, उशीर झाला. आणि तुम्ही एका दमात सगळं कबूल करून टाकलंत! आता पुढे काय म्हणायचं त्याने?"

देल्फिन बायकोकडे रागाने बघायला गेला, ते जमलं नाही. तो खाली खुर्चीवर बसला आणि रुमालाने चेहरा पुसायला लागला. बराच वेळ पुसत होता. निला शेजारी जाऊन बसली.

"वाढा," इलुमिनादा म्हणाली.

जेवण सुरू झाल्यावर घर सैल झालं. डुकराच्या भाजलेल्या कातडीवरून दोन्हीकडच्या पाहुण्यांत आग्रह झाला. दोमेंगने तिसऱ्यांदा कारे-कारे घेतलं आणि असं कारे-कारे फेलीला जन्मात जमलं नाही, असं मोठ्याने म्हणाला. त्यावर फेलीने आपण पुढच्या जन्मी प्रयत्न करू, असं सांगितलं. देल्फिन मात्र भाताशी नुसता खेळत होता, आणि पुरिंग त्याला कोपराने ढोसत होती.

"दाखव," ती कुजबुजली.

"आज नाही."

"आज नाही तर कधी? वकील शेजारी बसलीय, फुकट!"

"पुरिंग!"

पुरिंगने नवऱ्याचा नाद सोडला, पिशवीतून मुलींचे काळे शाळेचे बूट काढले, आणि थेट निलाच्या ताटाशेजारी ठेवले. "बघा. धाडीनंतर हा चार वर्षं दुसऱ्याकडे टाचा ठोकत होता. मग पुन्हा उभा राहिला. या खेपेला म्हणाला, कुणाचंही नाव नको, माझं लावतो. म्हणजे माझं. 'पुरिंग'. आता मारिकिनातली निम्मी पोरं माझ्या नावावर उभी राहून शाळेत जातात. आणि हे बघा!"

निलाने बूट उचलला. तळव्यावर ठसा होता. नावाच्या शेवटी एक अक्षर जास्त. तिने हाताने तळवा वाकवला, तो करकरला आणि एका रेषेत तडकला. आत पुठ्ठा होता.

सकाळपासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

"कुठे मिळाले?"

"दिविसोरियाच्या बाजारात. ढिगाने पडलेत. निम्म्या किमतीला. दोन आया माझ्या दारात येऊन मला शिव्या देऊन गेल्या. माझं नाव आहे हो ते! माझ्या आईने ठेवलेलं!"

"नावाची नोंद आहे ना?" निलाने देल्फिनला विचारलं.

"कसली?"

"ट्रेडमार्कची!"

देल्फिन भाताकडे बघत म्हणाला, "नाही केली."

"नऊ वर्षं धंदा करताय आणि नोंद नाही? एक अर्ज असतो, कुया देल्फिन! एक अर्ज!"

"तुमच्या लोकांच्या पायऱ्या पुन्हा चढायच्या नव्हत्या मला."

"मग चोराला दार उघडं ठेवलंत की!"

"चोराला दार उघडं ठेवलं म्हणून चोर साव होत नाही, अटर्नी!"

"कोर्टात हे वाक्य चालत नाही!"

"मग कोर्टाने बदलावं!"

दोघंही टेबलावर पुढे झुकून भांडत होती. मायुमीने घाबरून अर्नेलचा हात धरला. अर्नेल मात्र हसत होता. "बाबा घरी फक्त आवडत्या माणसांशी असे भांडतात," तो म्हणाला.

निलाने कागद मागितला. नोंद नसली तरी बाजार ज्याला त्या नावाने ओळखतो त्याचं नाव दुसऱ्याला चोरता येत नाही, फक्त सिद्ध करायला जास्त वेळ लागतो, असं तिने समजावून सांगितलं. अर्ज उद्या सकाळी जाईल. त्याबरोबर कारखान्याचा माग काढायला हवा. तिच्या ओळखीची माणसं होती, आठवड्यात ठिकाण सापडेल.

देल्फिनने खोटा बूट हातात घेतला होता. आतलं अस्तर त्याने नखाने उचकटलं, शिवणीचं टोक शोधलं आणि बोट तिथेच ठेवलं.

"ठिकाण शोधायला नको," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "दोरा आत घेऊन दोन गाठी, आणि दुसरी उलटी. ही गाठ माझ्या बापाची. मी ती एकालाच शिकवली. क्रिसोस्तोमोला. अठरा वर्षं माझ्या शेजारी बसून शिवायचा. धाड पडल्यावर त्याला घरी पाठवावं लागलं. मग पुन्हा बोलवायची मला लाज वाटली."

"पुठ्ठा त्याला शोभत नाही," देल्फिन म्हणाला. "शिवण बघा किती सरळ आहे. एवढी सरळ शिवण घालून खाली पुठ्ठा लावताना त्याला काय वाटत असेल."

"काय करायचं?" निलाने विचारलं. हा प्रश्न तिने आजवर कुठल्या अशिलाला विचारला नव्हता. अशील काय करायचं ते कंपनीच्या कागदावर लिहूनच पाठवायचे.

"थांबवायचं तर आहेच. पोरींचे पाय बिघडतील." तो विचार करत राहिला. "तुम्ही लिहा. मी सांगतो."

निलाने पेन उघडलं.

"लेबलं घ्यावीत. नावाचा ठसा घ्यावा. पुठ्ठ्याचे तळवे सगळे घ्यावेत, ते जाळा खुशाल. पण त्याची आरी, रापी, मशिन, कलबूत, यांतल्या कशालाही हात लावू नये. ते त्याच्या पोटाचं आहे. लिहिलंत?"

"लिहिलं."

"आणि आधी नोटीस. धाड नाही. नोटीस घेऊन मी स्वतः जाणार."

"एकटं जायचं नाही. मी येते," निला म्हणाली. "आणि आधी मागच्या भिंतीपर्यंत जाऊन काय काय आहे ते बघते."

"सरळ शिवतो ना तो?" पुरिंग मध्येच म्हणाली. "मग कामावर का घेत नाहीस? शाळा उघडायच्या आधी दोन माणसं कमीच पडतात दरवर्षी."

देल्फिनने बायकोकडे असं पाहिलं, जणू ती इतकी वर्षं त्याच्या घरात राहत होती आणि त्याला आत्ताच दिसली. "बघू," तो म्हणाला. पुरिंगने निलाला डोळा मारला. देल्फिनच्या भाषेत 'बघू' म्हणजे झालं.

एव्हाना पाच वाजत आले होते. फ्लानची शेवटची वडी कुणी खायची यावर दोमेंग आणि अर्नेलमध्ये सौजन्य चाललं होतं. इलुमिनादाने काठीने फरशीवर टकटक केली.

"सगळं झालं," ती म्हणाली. "भांडण झालं, माफी झाली, नोटीस झाली, फ्लानही संपत आलं. पण माझ्या नातीला मागणी कुणी घातली का? की ते मीच करू?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि असा हशा उठला की शेजारची बाई खिडकीत आली. अर्नेल धडपडत उभा राहिला. देल्फिनही उठला, बारोंग खाली ओढून सरळ केला. दोमेंगने बायकोची नजर ओळखून अनवाणी पाय खुर्चीखाली घेतले.

"दोमेंग, फेली," देल्फिन म्हणाला. पाठ केलेलं बोलायचा त्याचा आजचा कोटा संपला होता, म्हणून तो साधंच बोलला. "आमचा मुलगा चांगला आहे. सकाळी लवकर उठत नाही, बाकी चांगला आहे. तुमची मुलगी आम्हाला द्या. तिला जपू."

दोमेंगने आठवडाभर उत्तर तयार केलं होतं, फेलीने ते दोनदा सुधारून दिलं होतं. त्यातला एकही शब्द त्याला आठवला नाही. "घ्या," तो म्हणाला आणि रडायला लागला. फेलीने त्याला द्यायला म्हणून रुमाल काढला आणि त्या रुमालाने आपलेच डोळे पुसले. पुरिंगने मायुमीला पोटाशी धरलं. जानेवारीतला दुसरा शनिवार ठरला.

देल्फिन मात्र अजून उभाच होता.

"आणखी एक मागणं आहे," तो म्हणाला. "मुलाच्या बाजूने लग्नाची निनांग ठरायचीय. पुरिंगने चार नावं काढलीत. सगळ्या चांगल्या बायका, मऊ बोलणाऱ्या. पण पुढे पोरं भांडली, चुकली, तर ज्यांच्याकडे जावं अशी धर्ममाता पाहिजे. चूक झाली तर दुसऱ्याची असो की स्वतःची, तोंडावर सांगणारी." त्याने निलाकडे पाहिलं. "मी पुरिंगला विचारलेलं नाही. पण ती हो म्हणेल."

"मी तर सरबत सांडलं तेव्हाच ठरवलं होतं," पुरिंग म्हणाली.

निलाने तोंड उघडलं. कोर्टात, कचेरीत, शिव्या देणाऱ्या गर्दीपुढे ती कधी शब्दाला अडली नव्हती. आता तिने समोरच्या कागदाची घडी घातली, उघडली आणि पुन्हा घातली. तिने आईकडे पाहिलं, आईने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

सकाळी तिचं डोकं दुखवणारी फेली उठली आणि तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "ती हो म्हणतेय," फेली म्हणाली.

"मला बोलू दे की," निला म्हणाली.

अर्नेल टेबलाला वळसा घालून आला. तिच्यापुढे वाकला, तिचा उजवा हात घेतला आणि कपाळाला लावला, तसा माणूस फक्त आपल्या घरच्या थोरांचा लावतो. त्याचं कपाळ घामाने ओलं आणि गरम होतं. निलाने तो हात लगेच काढून घेतला नाही.

"हो," ती म्हणाली.